जुनी गाडी शिकायची तर पुस्तक कोणतं? आधी गाडीचं कुळ काढा

प्रश्न आलाय सांगलीकडच्या एका तरुणाचा. आजोबांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी तीन वर्षं दारात बंद उभी आहे. गावातले जुने मिस्त्री थकले, आणि नवी पोरं बॉनेट उघडून स्कॅनर कुठे लावायचा ते शोधतात. त्याला स्वतःच शिकायचंय. ‘पद्मिनी रिपेअर बुक’ म्हणून सगळीकडे शोधलं, हाती काही लागलं नाही. कोणती पुस्तकं घेऊ, कुठून घेऊ, आणि नुसतं पुस्तक वाचून हे जमतं का, असं त्याने विचारलंय.

हाती लागलं नाही, कारण तुम्ही गाडीला तिच्या सासरच्या नावाने हाका मारताय. माहेरचं नाव घ्या.

तुमची पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100 डी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ती 1964 पासून ‘फियाट’ म्हणूनच बनायची. प्रेसिडेंट आणि पद्मिनी ही नावं सत्तरच्या दशकात लागली. आपल्याकडचं एंजिन 1089 सीसीचंच राहिलं (इटलीच्या 1100 डी चं 1221 सीसीचं होतं), बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी 68 आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. या मापाचं एंजिन फियाटने 1937 मध्ये पहिल्यांदा गाडीत बसवलं होतं. आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणतात, त्या 1100-103 मध्येही हेच घराणं. म्हणजे पद्मिनीच्या नावाने पुस्तक नसलं तरी फियाट 1100 च्या नावाने फियाटचं वर्कशॉप मॅन्युअल आहे, पार्ट्स कॅटलॉग आहे, ब्रिटनमध्ये त्या काळी छापलेली मॅन्युअलंही आहेत. शोधताना ‘1100 डी’ लिहा.

फक्त शेवटचं अक्षर नीट बघा. 1100 आर नावाची गाडी 1966 ला आली. तिचं एंजिन तुम्हाला ओळखीचं वाटेल, पण पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि गिअरचा दांडा खाली जमिनीवर. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि गिअर स्टिअरिंगच्या खांबाला. ‘आर’चं पुस्तक घेऊन ब्रेकचं प्रकरण उघडाल तर चित्रातले अर्धे पार्ट तुमच्या गाडीत सापडणारच नाहीत. एंजिनसाठी ते पुस्तक चालेल, ब्रेक आणि गिअर लिंकेजसाठी नाही. उलट बाजूने, पद्मिनीच्या अगदी शेवटच्या काही गाड्यांना निसानचा गिअरबॉक्स लागला, त्यांना 1100 डी चं गिअरबॉक्सचं प्रकरण निरुपयोगी. 1978 च्या गाडीला ही भानगड नाही.

हे कुळ काढणं एकदा जमलं की आपल्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीचं पुस्तक सापडतं. अँबेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज तीन. तिचं 1489 सीसीचं एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सीरीज, तेच पहिल्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्येही होतं. पुढे ते वाढत जाऊन तिच्यानंतर आलेल्या एमजीबी या गाडीत 1798 सीसीचं झालं. एमजीबीवर जगभर इतकी पुस्तकं निघालीत की अँबेसेडरवाल्याने त्यातलं हेड, टॅपेट (वाल्व उघडणारे भाग), एसयू कार्बोरेटर डोळे झाकून वाचावं. पण 1964 नंतरच्या एमजीबीचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, पाच बेअरिंगवर फिरतो आणि आपल्या 1489 चा तीनवर, त्यामुळे खालच्या अर्ध्या एंजिनाला ते पुस्तक लावायचं नाही.

प्रीमियर 118 एनई ला तर दोन माहेरं. अंग फियाट 124 चं, एंजिन निसान ए-12, म्हणजे डॅटसन 1200 चं. दोन वेगळी पुस्तकं घ्यावी लागतात. आणि सगळ्यात कमाल स्टँडर्ड 2000 ची. 1985 साली मद्रासहून आलेली ही गाडी बाहेरून रोव्हर एसडी-1, आणि बॉनेट उघडलं की आत जुन्या स्टँडर्ड व्हँगार्डचं एंजिन, ज्याचे भाऊबंद फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही होते. रोव्हरचं पुस्तक घेऊन एंजिन उघडायला बसलेला माणूस मी पाहिलाय. तो तासभर पुस्तक आडवं-उभं करून बघत होता.

आता पुस्तकांचे प्रकार. तुम्ही एक पुस्तक मागताय, पण एका पुस्तकात काम भागत नाही.

पहिलं म्हणजे मालकाचं छोटं पुस्तक, गाडीबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात यायचं ते. लोक त्याला किंमत देत नाहीत. पण टायरमधली हवा, तेलाची मापं, टॅपेटचा गाळा म्हणजे वाल्वपाशी सोडायची फट, प्लगचा गाळा हे आकडे *तुमच्या* गाडीचे असतात ते फक्त त्यातच. आजोबांच्या कपाटात, आरसी बुकाच्या पिशवीत शोधा. नव्वद टक्के घरांत ते फेकलेलं नसतं, विसरलेलं असतं.

दुसरं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. हे डीलरच्या मिस्त्रीसाठी लिहिलेलं. लिहिणाऱ्याने धरून चाललेलं असतं की वाचणाऱ्याला काम येतं आणि त्याच्याकडे घट्ट बसलेले भाग ओढून काढायचे कंपनीचे खास पुलर आहेत. ‘गिअरबॉक्स उतरवा’ एवढं एका ओळीत लिहून तो पुढच्या पानावर जातो. आकडे मात्र याच्याइतके खात्रीचे कुठेच नाहीत. नवशिक्याने हे एकटंच घेतलं तर रडायची वेळ येते.

तिसरं, बाहेरच्या प्रकाशकांची मॅन्युअलं, यात हेन्सचं नाव सगळ्यांना माहीत. त्याची गोष्ट मला आवडते. जॉन हेन्स रॉयल एअर फोर्समध्ये एडनला होता, तिथे एका मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट त्याने उघडली, कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाला उपयोगाचं नाही हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून खोलताना-जोडताना फोटो काढत गेला. 1966 मध्ये त्या गाडीचं पहिलं मॅन्युअल निघालं. गाडी खरंच पूर्ण खोलून परत जोडायची आणि मग लिहायचं, ही पद्धत तिथून पडली. या पुस्तकांतलं एक वाक्य कुप्रसिद्ध आहे: जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने करावी. माझं अर्धं आयुष्य त्या एका ओळीत गेलं. खोलताना स्प्रिंग उडून कुठे गेली ते पुस्तक सांगत नाही. म्हणून खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा. श्रीखंडाचे डबे उत्तम, झाकणावर मार्करने लिहिता येतं.

चौथं, आणि माझ्या मते शिकणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाचं, पार्ट्स कॅटलॉग. त्यात एक वाक्य वाचायला नसतं. नुसती सुटी सुटी काढलेली चित्रं आणि नंबर. पण क्लच प्लेटपासून शेवटच्या वॉशरपर्यंत कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आधी, कोणत्या बाजूने, हे त्या एका चित्रात दिसतं. तुमच्या आधी तीन मिस्त्र्यांनी ती गाडी उघडलेली असणार. त्यातल्या एकाने तरी एखादी सर्क्लिप, म्हणजे भाग जागेवर धरणारी कडी, ‘लागत नाही’ म्हणून फेकून दिलेली असणार. वर्कशॉप मॅन्युअल वाचून ते कळत नाही, कारण गाडीत जे नाहीच ते उतरवायची वेळ येत नाही. कॅटलॉगचं चित्र समोर ठेवून मोजायला बसलात की लगेच कळतं, सातच तुकडे आहेत, आठवा कुठे गेला? शिवाय पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या स्पेअरच्या दुकानात गेलात तर पानाची झेरॉक्स काउंटरवर ठेवा. ‘ते गोल, मध्ये भोक असलेलं’ असं वर्णन करावं लागत नाही.

पाचवं, गाडी कशी चालते हे सांगणारं मूळ पुस्तक. त्याशिवाय बाकी चारही पाठांतर ठरतात. किरपाल सिंग यांचं ऑटोमोबाईल इंजिनीअरिंगचं पुस्तक, दोन भाग, डिप्लोमाच्या पोरांना असतं ते, जुनी आवृत्ती मिळाली तर आनंदाने घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड मिळून जातं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडची निमीची पुस्तकंही चांगली. चेन्नईची ही सरकारी संस्था, तिची पुस्तकं भारतस्किल्स पोर्टलवर फुकट वाचता येतात. पाना कसा धरायचा, फाइल कशी मारायची, आटे कसे पाडायचे हे त्यात पहिल्यापासून आहे. आजच्या आवृत्तीत फ्युएल इंजेक्शनचा भाग वाढलाय, तो सोडून द्या.

एक पुस्तक तुमच्या गाडीचं नसतानाही वाचा असं सांगेन. जॉन म्युअर नावाच्या अमेरिकन माणसाने 1969 मध्ये फोक्सवॅगन बीटलवर लिहिलेलं, ‘हाउ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’. सगळी चित्रं हाताने काढलेली. तुमची फियाट पाण्याने थंड होणारी आणि एंजिन पुढे, बीटलचं सगळंच उलटं. तरी गाडीचा आवाज कसा ऐकायचा, काम सुरू करण्याआधी काय काय हाताशी घ्यायचं, कुठे घाई केली की बोट जातं, हे त्याच्याइतकं समजावून कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

आणि जीपवाल्यांसाठी तर सोन्याची खाण फुकट आहे. महिंद्राने 1947 पासून ज्या विलीज जीप इथे जोडायला घेतल्या, त्यांच्या युद्धातल्या थोरल्या बहिणीचं मॅन्युअल अमेरिकन लष्कराने 1944 मध्ये छापलं. नंबर टीएम 9-803. एंजिन-क्लचची खोल दुरुस्ती 9-1803 ए मध्ये आणि गिअरबॉक्स, एक्सल, बॉडी 9-1803 बी मध्ये. अमेरिकन सरकारचं काम असल्याने त्यावर कॉपीराइट नाही, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन मिळतात, कुणी पैसे घेऊन सीडी विकत असेल तर घेऊ नका. कालपर्यंत नांगर धरणाऱ्या पोराच्या हाती जीप द्यायची होती, त्यामुळे भाषा सरळ. बिघाड काय दिसतो, कारण काय असू शकतं, उपाय काय, असे तक्ते. तुमच्याकडे जीप नसली तरी हे तक्ते वाचा, निदान कसं करायचं याचा तो पहिला धडा आहे.

त्या मॅन्युअलात एक गोष्ट आहे जी मी आधी हाताने शिकलो आणि मग वाचली. हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. जीपचं डावीकडचं मागचं चाक काढायचं होतं. नट हलेना. मी पान्याला लोखंडी पाइप लावला आणि त्यावर उभा राहिलो. नट सुटल्याचा आवाज आला म्हणून खाली बघतो तर स्टडच तुटून हातात. वस्ताद आले, दुसऱ्या स्टडच्या टोकावरची काजळी अंगठ्याने पुसली. तिथे इंग्रजी एल कोरलेला. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात त्या जीपला. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो. वस्तादांनी कधी पुस्तक उघडलं नव्हतं, पण तुटलेला स्टड त्यांनी मला आठ दिवस खिशात ठेवायला लावला.

सेकंडहँड मॅन्युअल कसं पारखायचं ते सांगतो, कारण नवं तुम्हाला बहुतेक मिळणार नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले, किंवा इंग्लंडात कुणी भाचा-पुतण्या असेल तर तिकडचे ऑटोजंबल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सामानाचे बाजार. ब्युली गावात दर सप्टेंबरला मोठा भरतो. कुठेही घ्या, आधी शेवटचं पान उलटा. वायरिंगचा नकाशा बहुतेक वेळा घडीचा कागद असतो आणि तोच फाडून नेलेला असतो. तो नसेल तर किंमत निम्मी. मग टॅपेटचं पान उघडा. चांगलं पुस्तक तीन गोष्टी सांगतं: गाळा किती, एंजिन गार असताना की गरम, आणि कोणता वाल्व कोणत्या स्थितीत असताना कोणता सेट करायचा. बी-सीरीजच्या चांगल्या पुस्तकात नऊची बेरीज दिलेली असते. आठवा वाल्व पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सहावा उघडा असताना तिसरा, दोन्हींची बेरीज नऊ. नुसतं ‘टॅपेट तपासून योग्य तो गाळा ठेवावा’ असं लिहिलं असेल तर ते पुस्तक खाली ठेवा. ते लिहिणाऱ्याने फिलर गेज, म्हणजे गाळा मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात धरलेला नाही.

काळे डाग पडलेली पानं दिसली तर नाक मुरडू नका. ग्रीसच्या बोटांचे ठसे जिथे जास्त, ते काम त्या गाडीला वारंवार निघतं. माझं पहिलं मॅन्युअल जुन्या बाजारातलं. पुढची शंभर पानं कोरी करकरीत, आणि किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची, चार पानं अशी चिकटलेली की ब्लेडने सोडवावी लागली. समासात पेन्सिलीने कुणीतरी एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता. पुढे कळलं, खोडलेला छापील आकडा खरंच चुकीचा होता. कोण होता तो माणूस, देव जाणे.

भाषेचं थोडं. पुस्तकं इंग्रजी, पण इंग्रजी दोन. ब्रिटिश पुस्तकातला स्पॅनर अमेरिकन पुस्तकात रेंच होतो, बॉनेट हूड होतं, डायनामो जनरेटर होतो, गजन पिन रिस्ट पिन होते. आपला डेल्को दोन्हीकडे डिस्ट्रिब्युटर. यात जीव जात नाही, मापात जातो. ब्रिटिश पाइंट 568 मिलिलिटर, अमेरिकन 473. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते, कुठे फूट-पाउंडात, कुठे किलोग्रॅम-मीटरमध्ये. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे 7.23 फूट-पाउंड. एमजीबीच्या हेडचे नट 45 ते 50 फूट-पाउंडाला आवळतात, तो आकडा न्यूटन-मीटरच्या टॉर्क पान्यावर तसाच लावलात तर हेड ढिलं राहील आणि गॅसकिट उडेल. फियाटला पाने मिलिमीटरचे, अँबेसेडरला इंची, हे पुस्तकाआधी हत्यारं घेताना ध्यानात ठेवा.

छापील पुस्तक एका बाबतीत तुम्हाला हमखास फसवतं: तुमच्या गाडीवर पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. माझा किस्सा सांगतो. एक जुनी ब्रिटिश गाडी आली होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. साठच्या दशकापर्यंत अशा गाड्या असायच्याच. मी पुस्तकाप्रमाणे बॅटरी जोडली. मधल्या काळात कुण्या इलेक्ट्रिशियनने डायनामो काढून आल्टरनेटर बसवला होता आणि अर्थिंग उलटं करून घेतलं होतं. एक बारीक ‘फट्’ झालं, आल्टरनेटरचे डायोड गेले. भुर्दंड माझ्या खिशातून. तेव्हापासून पुस्तकाचं वायरिंगचं पान उघडण्याआधी मी मीटर घेऊन गाडीची वायरिंग बघतो.

तसंच काळ बदललाय तेही पुस्तकाला ठाऊक नाही. जुनी मॅन्युअलं ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवा म्हणतात. त्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका. काही पुस्तकांत पार्ट कार्बन टेट्राक्लोराइडने धुवायला सांगितलंय, ते विष आहे. पेट्रोलमधलं शिसं 2000 सालच्या फेब्रुवारीत देशभर बंद झालं आणि आता त्यात इथेनॉल आलंय. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा पुस्तकात ‘तपासा’ असलं तरी तुम्ही सरळ बदला.

पुस्तक वाचून जमतं का? जमतं, पण वाचायचा क्रम उलटा ठेवा. आधी गाडीसमोर स्टूल टाकून कॅटलॉगमधलं चित्र आणि समोरचा भाग जुळवत बसा, काही न खोलता. मग मॅन्युअलचं ते एकच प्रकरण दोनदा वाचा. मग पाना. आणि सुरुवात एंजिनपासून करू नका, तो मोह सगळ्यांना होतो. तीन वर्षं बंद गाडी आहे, आधी ब्रेक. चाकातले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर नक्की जाम असणार. गाडी घोडीवर घ्या, विटांवर नाही.

पुस्तक गाडीशेजारी ठेवू नका, त्या-त्या कामाच्या पानांची झेरॉक्स ठेवा. मूळ पुस्तक घरात. वायरिंगचा नकाशा मात्र मोठ्या कागदावर काढून आणा, पोरांच्या स्केचपेननी प्रत्येक वायर तिच्या रंगात रंगवा, आणि तुमच्या गाडीत जिथे रंग वेगळा निघेल तिथे त्यावरच तारीख घालून लिहा. माझ्या गॅरेजात भिंतीवर असा एक नकाशा आहे. त्यातल्या हॉर्नच्या वायरचे रंग चार वेळा बदललेत.